यादीत बारा, मैदानात सात

घरखर्चाची वही ठेवायची सवय मला सासूबाईंनी लावली. लग्न होऊन या घरात आले त्याच महिन्यात त्यांनी लाल पुठ्ठ्याची वही माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "दूध किती आलं ते लिही, आणि किती नासलं तेही लिही. नुसतं आलेलं लिहीत गेलीस तर घरात काय कमी पडतंय ते कधी कळायचं नाही." मला तेव्हा हसू आले होते. नासलेल्या दुधाचा कसला हिशोब ठेवायचा! त्यांच्या बोलण्याचा अर्थ मला कळला तो थेट गेल्या वर्षी, आणि तोही व्हॉलीबॉलच्या मैदानावर.

मी मैदानावर कशी पोचले ते आधी सांगते. आमच्या गावात एकाच संस्थेचे हायस्कूल आणि कॉलेज आहे. हायस्कूलमध्ये मी अर्धवेळ मराठी शिकवते. मुलींचा संघ परगावी स्पर्धेला निघाला की बरोबर कुणीतरी बाई लागतेच. कॉलेजातल्या ज्या बाई नेहमी जायच्या त्या बाळंतपणाच्या रजेवर होत्या, दुसऱ्या दोघींना घरच्या अडचणी. शेवटी प्राचार्यांनी हायस्कूलकडे निरोप धाडला आणि आमच्या मुख्याध्यापिकांनी माझ्याकडे बोट दाखवले. "शनिवारी तुमचा तास नसतो ना?" एवढीच माझी पात्रता! कागदावर मात्र हुद्दा भारदस्त मिळाला, 'संघ व्यवस्थापिका'. ह्यांनी चहा पिता पिता विचारलेसुद्धा, "आता घराचं व्यवस्थापन कोण बघणार?"

खरे सांगायचे तर व्हॉलीबॉलमधले मला ओ की ठो कळत नव्हते. माझी मजल लंगडी नि खो-खोपर्यंत. म्हणून आदल्या आठवड्यात रोज संध्याकाळी अर्धा तास मैदानाच्या कडेला जाऊन बसले. मुलींनीच मला शिकवले. मैदान अठरा मीटर लांब, नऊ मीटर रुंद, मध्ये जाळी. जाळीची उंची मुलींसाठी २.२४ मीटर, मुलांसाठी २.४३. एका बाजूला सहा जणी. चेंडू आपल्या अंगणात पडू द्यायचा नाही आणि तीन स्पर्शांत पलीकडे धाडायचा. सेट पंचवीस गुणांचा, निर्णायक सेट पंधराचा. पुढे वाचनात आले की हा खेळ १८९५ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या होलिओक गावी विल्यम मॉर्गन नावाच्या व्यायामशिक्षकाने काढला, तो बास्केटबॉलच्या धावपळीने दमणाऱ्या पोक्त व्यापारी मंडळींसाठी. म्हणजे मुळात आपल्यासारख्यांचाच खेळ की हा!

एक नियम मात्र त्या मुलींनी मला दोनदा बजावून सांगितला. मैदानात सहाच्या सहा जणी हव्यात. कुणाला दुखापत झाली, बदली खेळाडू नाही आणि पाचच उरल्या, तर संघ अपुरा ठरतो आणि सामना हातचा जातो. हे त्या मला इतके का घोळून घोळून सांगत होत्या, ते शनिवारी पहाटे समजले.

पहाटेचा एसटी स्टँड

माझ्या पिशवीत कॉलेजच्या शिक्क्याची यादी होती. बारा नावे, बारा फोटो, प्राचार्यांची सही. स्टँडवर पावणेसहाला मी बाराजणींची वाट पाहत उभी, आणि समोर मुली सात. बस लागली तरी सातच.

"बाकीच्या कुठायत गं?" मी विचारले.

संघाची कर्णधार मुलगी खाली बघत म्हणाली, "बाई, आम्ही सातच असतो."

मुलींची नावे इथे मुद्दामच देत नाही, गाव लहान आहे. पण त्या पाच नावांची कहाणी मला बसमध्ये कळली. दोघी खो-खोच्या संघातल्या, यादी भरावी म्हणून त्यांचे फोटो घेतलेले. दोघींची उन्हाळ्यात लग्ने झाली. त्या अजून शिकत होत्या, पण मैदानावर फिरकत नव्हत्या. पाचवी नऊ किलोमीटरवरच्या खेड्यातली. सराव संध्याकाळी पाचला सुरू आणि तिच्या गावची शेवटची एसटी सव्वापाचला. तिने तीन आठवडे काकाच्या मोटारसायकलवरून ये-जा केली, मग काका कंटाळला.

स्पर्धेच्या गावी पहिला सेट आम्ही जिंकलो. दुसऱ्या सेटमध्ये आमच्या सर्वांत उंच मुलीचा पाय मुरगळला आणि सातवी मैदानात गेली. आता बाकावर मी एकटी. तो सेट गेला. तिसऱ्याच्या आधी एक मुलगी माझ्याजवळ आली. चेहरा पांढराफटक पडलेला. पोटात कळा येत होत्या, महिन्याचे दिवस. मी म्हटले, "बस तू. जीवापेक्षा खेळ मोठा नाही."

ती म्हणाली, "बाई, मी बसले तर सगळ्याच हरतील." आणि गेली.

तिसरा सेट आम्ही १५-१२ असा हरलो. येताना ती पोर माझ्या मांडीवर डोके ठेवून झोपली आणि मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. मला राग आला होता, पण कुणाचा, ते काही सांगता येत नव्हते. कारण यादीत तर बारा होत्या!

साडेसातशे रुपयांचा प्रश्न

सोमवारी हिशोब द्यायला गेले. माझा हिशोब चोख होता. एसटीत बायकांना २०२३ च्या मार्चपासून निम्मे तिकीट आहे. पूर्ण तिकीट १२० रुपये, म्हणून आम्हाला ६०. सात मुली आणि मी मिळून जाऊन-येऊन ९६० रुपये. मुलांच्या संघाचा तोच प्रवास, बारा मुलगे आणि सर धरून, ३,१२० रुपयांना पडला होता. आमच्या बाराच्या बारा आल्या असत्या तरी १,५६० मध्येच काम झाले असते. मुलींचा संघ नेणे मुलांच्या निम्म्यात पडते, हे मला त्या कागदावरच उमगले.

खेळाच्या सरांनी व्हाउचर पुढे केले. दैनिक भत्ता, दर मुलीला १५० रुपये, एकूण १,८०० रुपये. सही माझी.

"सर, मुली सात होत्या. एक हजार पन्नास होतात."

सर हसले. "बाई, यादी बाराची आहे ना? भत्ता यादीप्रमाणे निघतो. बाकीचे साडेसातशे माझ्या खिशात नाही जात. चेंडू आणायचाय."

मैत्रिणींनो, हे सर वाईट गृहस्थ नाहीत. कबड्डी, खो-खो, धावणे, मुलांचे नि मुलींचे सगळे संघ त्यांच्या एकट्याच्या माथी. वर परीक्षेची कामे. व्हॉलीबॉलचे खास शिक्षक कॉलेजला नाहीतच. मुलींना शिकवायला येतो तो जुना विद्यार्थी. दिवसभर दूध डेअरीत नोकरी करतो आणि संध्याकाळी फुकट येऊन शिकवतो. त्याला वर्षातून एकदा शाल नि नारळ मिळतो. चेंडूसाठी वेगळी रक्कम नाही आणि जुन्या चेंडूची कातडी सुटत आलेली. तेव्हा न आलेल्या पाच मुलींच्या भत्त्यातून आलेल्या सात मुलींचा चेंडू यायचा. वर्षानुवर्षे असेच चाललेले. पाप तरी कशाला म्हणायचे याला?

पण माझा हात काही चालेना. डोळ्यांपुढे लाल वही आली. मी सातच मुलींच्या व्हाउचरवर सही केली. सर एवढेच म्हणाले, "ठीक आहे बाई, मग चेंडू तुम्हीच आणा." पुढचे दोन महिने मुली त्याच फाटक्या चेंडूने खेळल्या. मैदानाकडून जाताना मी मान खाली घालून जायची. आपल्या प्रामाणिकपणाची किंमत या पोरी भरताहेत, हा विचार पाठ सोडत नव्हता. ह्यांनाही विचारले. ते म्हणाले, "तू चूक नाहीस. पण तू अर्धवटच केलंस." ते बोलणे मला फार लागले.

अमेरिकेचा कागद

डिसेंबरच्या शेवटी माझी मामेबहीण अमेरिकेहून लेकीला घेऊन आली. लेक तिकडे एका लहान कॉलेजात शिकते आणि गंमत म्हणजे तिथल्या व्हॉलीबॉल संघात खेळते. पोळ्या लाटता लाटता मी माझे गाऱ्हाणे सांगितले, तर मामेबहीण म्हणाली, "अगं ताई, आमच्याकडे हा सगळा हिशोब सरकारच्या पानावर उघडा असतो. कुणीही बघावा." आणि तिने मोबाइलवर लेकीच्या कॉलेजचा तक्ता उघडून दिला.

मी पोळपाट बाजूला सारला आणि चष्मा लावला. मुलींच्या व्हॉलीबॉलसमोर आकडे होते. खेळाडू अठरा. मुख्य प्रशिक्षक एक, स्त्री. मदतनीस एक, अर्धवेळ. मग पैसे. प्रवास, राहणे, जेवण, गणवेश, साहित्य आणि पंचांचे मानधन मिळून सामन्यांचा खर्च किती, संघाचा एकूण खर्च किती, जमा किती. शेजारच्या रकान्यात मुलांच्या संघांचे तेच आकडे.

तिकडे १९७२ साली एक कायदा झाला. त्याला टायटल नाइन म्हणतात. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत केवळ स्त्री म्हणून किंवा पुरुष म्हणून कुणाला डावलता येणार नाही, एवढाच त्याचा आशय. मूळ कलम अवघे ३७ शब्दांचे, त्यात खेळाचे नावही नाही. त्यासाठी झटलेल्यांपैकी एक होत्या हवाईच्या खासदार पॅट्सी मिंक. त्यांना तरुणपणी डॉक्टर व्हायचे होते, पण वैद्यकीय महाविद्यालयांनी दारे लावून घेतली. पुढे १९९४ मध्ये दुसरा कायदा आला. मुलगे-मुली एकत्र शिकतात अशा, सरकारी मदतीवरच्या प्रत्येक कॉलेजाने खेळाडू किती, प्रशिक्षक किती आणि पैसा किती याचा तक्ता दरवर्षी करायचा आणि १५ ऑक्टोबरपर्यंत लोकांना खुला करायचा.

माझी नजर एका गोष्टीवर अडकली. जमा आणि खर्च अगदी तंतोतंत सारखे. मी म्हटले, "हे काही खरं नाही हं. महिनाअखेर वहीत असा मेळ बसला की मी समजते, कुठेतरी दडवलंय."

भाची हसायला लागली. "मावशी, आमच्या सामन्यांना तिकीटच नसतं. आईबाबा आणि होस्टेलमधल्या मुली, एवढेच बघायला येतात. खर्च कॉलेजच करतं आणि तोच पैसा जमेच्या बाजूला लिहितं."

म्हणजे ह्यांच्या पगारातून मी घरखर्चाला पैसे घ्यावेत आणि वहीत 'मिळकत' म्हणून लिहावे, तसेच झाले की! नेब्रास्का विद्यापीठाच्या मुलींचा सामना बघायला ३० ऑगस्ट २०२३ रोजी ९२,००३ माणसे जमली होती. ती गोष्ट मोठ्यांची. लहान कॉलेजांचे चित्र वेगळे.

"मग कॉलेज हा तोट्याचा धंदा करतंच कशाला?" मी विचारले.

याचे उत्तर मामेबहिणीने दिले. "तोटा कसला? तिचं कॉलेज तिसऱ्या श्रेणीतलं. तिथं खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायला बंदीच आहे. खेळायला मिळतं म्हणून ही त्या कॉलेजात गेली, आणि फी आम्ही भरतो. अठरा मुली म्हणजे अठरा फिया. लहान कॉलेजांना विद्यार्थी मिळायची मारामार. संघ असला की मुली येतात."

हे ऐकून मी गप्प झाले. आपण मुलींचा खेळ म्हणजे उधळपट्टी समजतो, आणि तिकडची कॉलेजे तोच संघ दाराशी मुली याव्यात म्हणून ठेवतात.

तिथेही यादी फुगते

पण सगळे तिकडचे सोन्याचे, असे मात्र समजू नका. भाचीने मला एक खटला सांगितला, आणि तो ऐकताना मला आमचीच यादी दिसायला लागली.

कनेक्टिकट राज्यात हॅम्डेन गावी क्विनिपिॲक नावाचे खाजगी विद्यापीठ आहे. २००९ च्या मार्चमध्ये त्यांनी जाहीर केले की पैशाची ओढ आहे, मुलींचा व्हॉलीबॉल संघ बंद. मुलांचे दोन संघही बंद व्हायचे होते. मुलींच्या व्हॉलीबॉलच्या बदली चीअरलीडिंगचे, म्हणजे कवायत नि उड्यांचे, स्पर्धेचे पथक काढायचे ठरले. पथक मोठे, माणशी खर्च कमी, आणि यादीत मुलींची संख्या भरपूर दिसणार.

संघातल्या पाच मुली आणि त्यांच्या प्रशिक्षक रॉबिन स्पार्क्स थेट न्यायालयात गेल्या. विचार करा, नोकरीवर असलेल्या बाईने आपल्याच मालकावर फिर्याद करायची! न्यायमूर्ती स्टीफन अंडरहिल यांनी याद्या मागवल्या, आणि काय बाहेर आले? मोजणीच्या दिवसाआधी मुलांच्या संघांतून काही नावे काढायची आणि दिवस सरला की परत घ्यायची. मुलींच्या संघात त्या दिवसापुरती नावे वाढवायची आणि मग गाळायची. लांब पल्ल्याच्या धावण्यातल्या त्याच मुली वर्षभरात तीन वेगवेगळ्या संघांत मोजायच्या. म्हणजे एकच पातेले तीनदा धुऊन तीन भांडी घासली म्हणण्यासारखे!

मे २००९ मध्ये न्यायालयाने संघ बंद करायला मनाई केली. जुलै २०१० मध्ये निकाल लागला की कायद्याचा भंग झाला आहे आणि ते चीअरलीडिंगचे पथक खेळात धरता येणार नाही. विद्यार्थ्यांत मुली सुमारे ६२ टक्के, खेळाडूंत ५८, एवढे अंतरही न्यायालयाने खपवून घेतले नाही. २०१२ मध्ये वरच्या न्यायालयाने निकाल कायम केला. व्हॉलीबॉल वाचला.

त्या रात्री मला झोप लागेना. आमच्या यादीतल्या बारा नावांत मला आता वेगळेच दिसत होते. कॉलेजच्या दप्तरी बारा मुली खेळतात, म्हणजे सगळे ठीक. मग सव्वापाचच्या एसटीचे काय, लग्न झालेल्या दोघींचे काय, हे कुणी कशाला विचारील? पाच खोट्या नावांनी एक चेंडू मिळत होता खरा, पण त्याच नावांनी पाच खऱ्या मुलींची जागा बुजवून टाकली होती. सासूबाईंचे नासलेले दूध ते हेच. आणि ह्यांचे 'अर्धवट'ही तेव्हा कळले. मी खोटा आकडा नाकारला होता, पण खरा आकडा कुणापुढे मांडला नव्हता.

आमचा कागद

जानेवारीत मी वहीचे एक पान घेतले आणि तीन रकाने पाडले. पहिला, मुली किती. यादीत बारा, सरावाला सात, न येणाऱ्या पाच, आणि प्रत्येकीपुढे कारण. दुसरा, शिकवणारे कोण. एक जण, आठवड्याचे पाच दिवस, मानधन काही नाही. तिसरा, पैसा. प्रवास, भत्ता, औषधपाणी, आणि चेंडूपुढे शून्य. खाली लिहिले की मुलींच्या संघाचा प्रवास मुलांच्या निम्म्यात होतो. कुणावर ठपका ठेवला नाही.

आधी ते पान सरांनाच दाखवले. त्यांना डावलून वर जायला मन घेईना. त्यांनी दोनदा वाचले, बराच वेळ बोलले नाहीत. मग शिकवणाऱ्या मुलाच्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिले, 'सहा वर्षांपासून'. आणि खाली सही केली.

प्राचार्यांनी पान ठेवून घेतले. दोन महिने काही हालचाल नाही. मार्चमध्ये त्यांनी बोलावले आणि विचारले, "सराव सकाळी घेतला तर किती येतील?" खेड्यावरची पहिली एसटी पावणेसातला येते. मी म्हटले, "खेड्यातली नक्की येईल. लग्न झालेल्यांच्या घरी जाऊन विचारावं लागेल."

दोघींपैकी एकीच्या घरच्यांनी दारातूनच वाटेला लावले. दुसरीच्या सासूबाईंनी बसवून चहा दिला, आणि मग उलटतपासणी! "कपडे कसले घालायचे? सकाळचा स्वैपाक कुणी करायचा? पडली-झडली तर?" मी सांगितले की पायभर विजार चालते. जपानच्या मुलींचीही गोष्ट सांगितली. टोकियोला १९६४ च्या ऑलिंपिकमध्ये ज्या मुलींनी व्हॉलीबॉलचे सुवर्णपदक घेतले त्या बहुतेक एका कापडगिरणीत नोकरी करणाऱ्या, काम उरकून रात्री सराव करायच्या. आपल्याकडे रेल्वे खेळाडू मुलींना नोकरी देते, महाराष्ट्र सरकारच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंना पाच टक्के राखीव जागा आहेत, हेही सांगितले. पण सगळ्यांनाच नोकरी लागते असे खोटे बोलले नाही.

त्या बाई जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "मी शाळेत असताना खो-खोत पहिली यायची. वडिलांनी सातवीतून काढलं." आणि आत बघून हाक मारली, "अगं, सात ते साडेआठ म्हणतात. कणीक मी मळीन."

जुलैपासून सराव सकाळी सुरू झाला. चेंडूसाठी वेगळी रक्कम मिळाली, दोन चेंडूंपुरती. शिकवणाऱ्या मुलाला महिना हजार रुपये मानधन मंजूर झाले. तो डेअरीत सकाळची पाळी बदलून घेऊन येतो. कपडे बदलायची खोली अजून नाहीच, मुली प्रयोगशाळेमागे आडोसा धरतात. ते माझ्या पुढच्या पानावर आहे. या वर्षीच्या यादीत नावे नऊ आहेत. बारा नाहीत. पण नऊच्या नऊ खरी आहेत, आणि रिकाम्या तीन ओळी आता प्राचार्यांनाही दिसतात.

मैत्रिणींनो, तुमची लेक किंवा सून कॉलेजात असेल तर प्रवेशाची पावती एकदा काढून बघा. त्यावर 'जिमखाना' किंवा 'क्रीडा' अशी एक ओळ असते. ते पैसे आपण भरतो, लेक खेळो न खेळो. तेव्हा तीनच गोष्टी विचारा. मुलींच्या संघात खरोखर खेळणाऱ्या किती? त्यांना शिकवतं कोण आणि त्याला काय देता? मुलींच्या खेळावर वर्षात किती खर्च झाला आणि मुलांच्या किती? भांडायचे कारण नाही, गोडीत विचारावे. अनुदानित कॉलेज असेल आणि गोडीत सांगत नसतील, तर २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याने लेखी अर्जही करता येतो. आकडे समजायला मोठी पदवी लागत नाही. जी बाई चार माणसांचे घर एका पगारात चालवते, तिला हा तक्ता चुटकीसरशी वाचता येतो.

परवा सासूबाईंना हे सगळे वाचून दाखवले. त्यांना व्हॉलीबॉल काही फारसा कळला नाही. शेवटी एवढेच विचारले, "त्या कळा येणाऱ्या पोरीचं काय झालं? आता तिला बसता येतं ना गं?"

येते. बाकावर आता तिघी असतात.